वॉल्टच्या डब्यात काय होतं

बंदुकीच्या साध्या घोड्याच्या जागी बसवला की धडाधड गोळ्या सुटतात, त्या तुकड्यावर बंदी आलेली; तो आज संध्याकाळी पाचच्या आत शेरीफच्या कचेरीतल्या खिडकीवर जमा करायचा, नाहीतर उद्यापासून थेट तुरुंग! टेसा आपला डबा घट्ट धरून रांगेत उभी, आणि पुढे म्हातारा-म्हातारीची जुंपलेली!

"वॉल्ट, डबा उघड."

"अगं डोरीन, तोच आहे."

"उघड म्हणते ना! हा तर बंदुकीचा जुना, साधा घोडा!"

"अरेच्चा! चुकून आला वाटतं."

"चुकून? मग तो तुकडा कुठंय?"

वॉल्टने कोटाचा खिसा हाताने दाबून धरला.

"वॉल्ट!"

"कोटाच्या खिशात."

"म्हणजे हा द्यायचा आणि तो ठेवायचा? या वयात तुरुंगात डबा पोचवायला लावणार मला?"

"हळू बोल गं! देतो, देतो!"

मागे टेसाने गुपचूप स्वतःच्या खिशातून तसलाच तुकडा काढला आणि आपला डबा उघडला.