मांड धुतला, ते कुठाय?

कृष्णनाथ : चंद्रा, उगाच तापतेस गो. सुप्रियाचं काम काढून घेतलंय, तुझ्यावरचं नाटक नाही. तुझी भूमिका गोपाळ करणार.

चंद्रावती : मिशीवाला गोपाळ? माझी?

कृष्णनाथ : मिशी काढील तो. देवळापुढच्या मांडावर बाईमाणूस चढत नाही, हा नेम आहे.

चंद्रावती : आणि जत्रेला माझा सत्कार करताय, ती शाल? तीही मांडाखाली उभी राहून घेऊ?

सुप्रिया : मास्तर, मग दोन महिने तालीम का घेतलीत? शाळा सुटली की साखळीहून धावत येत होते मी.

कृष्णनाथ : वाटलं, यंदा गोवा राज्य झालं, देवळाची समिती ऐकेल. नाही ऐकली.

चंद्रावती : समितीचा अध्यक्ष कोण?

कृष्णनाथ : ...मीच.

सुप्रिया : शाळेच्या अंगणात करूया मग.

चंद्रावती : मार मी मांडावर खाल्ला, शाळेत नाही. शेवट म्हणून दाखव बघू.

सुप्रिया : (खालच्या आवाजात) "पाखल्यांनो, चौदा वर्षांच्या पोरीला मारून ही माती मुकी होणार नाही!" मग शिपाई मला ओढत नेतात. पडदा.

चंद्रावती : असलं काय बोलले नाही मी. तोंड फुटलेलं, बोलणार कुठून? "जय हिंद" म्हटलं, तेही अर्धं. जत्रेचं नाटक चाललेलं, पहिल्या खुर्च्यांवर हे पोर्तुगीज पाखले बसलेले, आणि मी ह्याच मांडावर चढले.

कृष्णनाथ : सगळं घेतलंय गो नाटकात.

चंद्रावती : पुढचं कुठाय, दादा? तुरुंगातून सुटून आले, तर आई म्हणाली, मांड धुतला, शेणानं सारवला, देवाला गाऱ्हाणं घातलं. मला वाटलं, रक्त सांडलं म्हणून. तर म्हणते, "रक्तासाठी न्हय गो बाय. तू चढलीस म्हणून."

सुप्रिया : आणि शिपाई बूट घालून चढले ते?

चंद्रावती : ते चालले देवाला! विचार ह्याला. ह्याच्याच बापायनं सांगितलेलं.

कृष्णनाथ : बाबांनी सांगितलं. धुतला मी.

चंद्रावती : तू?

कृष्णनाथ : वीस वर्षांचा घोडा होतो. घागरीमागून घागर ओतत होतो. पाणी तांबडं होऊन तुळशीकडं चाललेलं. दिसत होतं मला.

सुप्रिया : मास्तर, हे का नाही लिहिलंत?

कृष्णनाथ : हात धजला नाही.

चंद्रावती : बत्तीस वर्षं दादा म्हणत आले रे तुला! आता लिही. पोरीला नेतात, आणि मागून एकजण घागर घेऊन येतो. तो तू कर. माझं काम सुप्रिया करील, मांडावर. नाहीतर नाटकातून माझं नाव खोड.

कृष्णनाथ : ...सुप्रिया, वही दे तुझी. शेवटचं पान फाडतो.

सुप्रिया : घ्या.

कृष्णनाथ : पण ही मांडावर चढली, की अर्धा गाव उठून जाईल, चंद्रा.

चंद्रावती : जाऊ दे. माझ्या वेळी सगळे शेवटपर्यंत बसून होते.