रूपालीचा हात

मी नसीम, मनियाराची पोर, दोंडाईच्याची. अब्बांचं बांगड्यांचं दुकान होतं आणि अम्मी टोपली घेऊन खेड्यापाड्यांत लेकीसुनांना बांगड्या भरायला जायची, कुणी अडली असली तर बाळंतपणही करून यायची, म्हणून मी नर्सिंग शिकायला निघाले तेव्हा अब्बा म्हणाले, घरचाच धंदा आहे, आता फक्त सर्टिफिकेट मिळेल.

हल्ली दर गुरुवारी गरोदर बायांचा वर्ग घेते, नवऱ्याला, सासूला घेऊन या म्हणते. सासवा हसतात, म्हणतात, आपा, आम्ही काय शिकून बाळंत झालो का? हसू द्या. पण त्या वर्गात एक वाक्य मी बोलत नाही, कुणाला बोलू देत नाही. बठ्ठ्यास्ले असंच व्हस. सगळ्यांना असंच होतं. पाय सुजले, असंच व्हस, घेरी आली, असंच व्हस. काय सांगू तुम्हाला, आयुष्यभर हे माझ्याच तोंडात होतं, बाईला धीर येतो आणि आपलंही काम आटोपतं.

रूपाली शेजारच्या गावच्या पाटलांची मोठी लेक, पहिलं बाळंतपण, नववा लागलेला, माहेरी आलेली. ओटीभरणाला तिची आई, आमची अक्का, म्हणाली, आपा, हिरवा चुडा तूच भर. मी ड्यूटीवरून तशीच गेले. तर बांगडी चढेना. दोन महिन्यांआधी त्याच मापाच्या मीच भरल्या होत्या तिला, तरी चढेना. मग साबण लावला, हात दाबला, पोर कळवळली, आणि मी म्हणते कशी, माहेरनं खाणं मानवनं वं बाई! बठ्ठ्या बाया हसल्या, तीही हसली. मग हळूच माझ्या कानाशी म्हणाली, आपा, डोकं लई दुखस, डोळासमोर काजवा चमकतस. मी म्हटलं, पहिलटकरीण तू, बठ्ठ्यास्ले असंच व्हस.

बीपीचं मशीन माझ्या पिशवीत होतं हो. पाटाशेजारीच होती पिशवी. बांगडी का चढत नाही, ती अंगावरची सूज आहे, हे मनियाराच्या पोरीच्या हाताला कळायला हवं होतं, आणि नर्स तर मी होतेच. तिसऱ्या दिवशी बीपी वाढून तिला झटके आले. धुळ्याला नेलं. मुलगी झाली, ती वाचली. रूपाली गेली.

अक्का तेव्हापासून चारचौघांत सांगते, आपानं लेकीसारखं केलं तिचं. ईदला आठवणीनं घरी येते. सहा वर्षं मी गप्प बसले, भीतीनं, दुसरं काय.

गेल्या महिन्यात ती धाकट्या लेकीला घेऊन आली, हिचं बाळंतपण तूच कर म्हणाली. मग राहवेना. म्हटलं, आधी ऐक, मग ठरव, आणि सगळं सांगितलं, डोकेदुखीचं, काजव्यांचं, पिशवीतल्या मशीनचं. अक्का पदराचं टोक पिळू लागली. मग म्हणाली, तिनी माले बी सांगेल व्हतं वं आपा, तुन्हा आधी. माले वाटनं, कामना कटाळा करस. आणि उठता उठता म्हणाली, तिना बापले आजून माहीत नही, सांगू नको.

धाकटीचं बीपी आता मी दर आठवड्याला बघते, अल्ला तिला सुखरूप सोडवो. तुम्ही लिहा हे, सगळं लिहा, पण त्या मायलेकींची नावं बदला. माझं राहू द्या.