कोपर वाकवणार नाही म्हणजे नाही!

…आणि वर आमचे हेड कोच मलाच म्हणतात कसे, "व्हॅलेरी, तुमको तो आराम है!" आराम? मला? अहो, बहारीनचं ऊन, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी आणि समोर कॉलेजची अशी पोरं, ज्यांना बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा कुणी आजारी चुलतभाऊ वाटतो… ह्यात आराम कुठे बसतो हो?

मी वसईची. शाळेत सॉफ्टबॉल, मग युनिव्हर्सिटीकडून सॉफ्टबॉल, मग वसईतच पी.टी. टीचर, मग इथे येऊन हॉटेलच्या जिममध्ये जाड्या गेस्टांना ट्रेडमिलवर चढवणं, आणि आता एका प्रायव्हेट कॉलेजात बेसबॉलची 'प्लेयर डेव्हलपमेंट कोच'! नाव केवढं! मम्मीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणते, "डेव्हलपमेंट? म्हणजे बिल्डिंगी बांधतेस काय गं?" मम्मीचं सोडा, आमच्या कॉलेजचे व्हिसाचं काम बघणारे रहिमतुल्ला, तेसुद्धा एक दिवस हळूच कानाशी येऊन, "मॅडम, सनाबिस में कोई अच्छा फ्लॅट है क्या?"

आता काम काय, ते मी सांगते. आमचे हेड कोच उस्मानसर. ज्यांना खेळता येतं ती पोरं त्यांच्याकडे. ज्यांना येत नाही ती माझ्याकडे. मी घासून-पुसून, रागावून, पाणी पाजून त्यांना माणसात आणायचं, आणि माणसात आला रे आला, की उस्मानसर, "यल्ला, इसको इधर भेजो!" म्हणजे कसं, सुधारला की उस्मानसरांचा, बिघडला की माझा!

तर असाच एक माझ्या पदरात आला. साद. सहा फूट उंच, हात हे एवढे लांब! उस्मानसर त्या हातांवरच भाळले होते. आईवडील रत्नागिरीचे, पण हा जन्मला-वाढला इथेच, माहूजमध्ये. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. त्याला केलं पिचर. पिचर म्हणजे आपला बोलर, फक्त धावत यायचं नाही, एका जागी उभं राहून बॉल सरळ फेकायचा, टप्पा न पाडता. पहिल्या दिवशी म्हटलं, "टाक." तर हा पाठ करून चालायला लागला! कुठे चालला? तर रनअप घ्यायला! पार कुंपणापासून धावत आला, हात सरळ फिरवला, बॉल मध्येच टप्पा घेऊन बॅटरच्या डोक्यावरून गेला आणि पोरगा माझ्याकडे वळून, "हाऊज दॅट?"

मी कपाळावर हात मारला.

बरं, उभं राहून टाकायला लावलं, तरी हात सरळच! कोपर म्हणून वाकवायचं नाही! बॉल कधी कॅचरच्या, म्हणजे आपल्या विकेटकीपरच्या मागे, कधी आमच्याच बाकावर, एकदा तर डीनच्या गाडीवर. उस्मानसर ओरडले, "व्हॅलेरी, इंटर-कॉलेज फायनल तक देखो, नहीं तो खलास! लड़का भी बाहर, तुम्हारा कॉन्ट्रॅक्ट भी मैं नहीं जानता!" बघितलंत? सुधारला की उस्मानसरांचा, बिघडला की माझा!

मी सादला बाजूला घेतलं. "अरे राजा, कोपर वाकव ना!" तर पोरगा मान खाली घालून म्हणतो, "कोच, आय कान्ट. माय डॅड विल डाय."

आता कोपराने कुणाचा बाप मरतो का? पण मी म्हटलं, बघू तरी! गेले माहूजला. जमालुद्दीनभाई, सादचे वडील, सित्र्याला एका कंपनीत स्टोअरकीपर, माणूस एकदम सज्जन, दारात या-बसा केलं, आणि मी 'कोपर' शब्द काढला मात्र, ताठ उभेच राहिले! "मॅडम, हात वाकवून बॉल टाकणं म्हणजे फेकी! माझा वालिद मॅटिंगवर बोलिंग करायचा, मी केली, आमच्या घराण्यात कुणी फेकी निघाला नाही. सात वर्षांचा होता साद, तेव्हापासून त्याच्या कोपराला पट्टी बांधून शिकवलंय मी. आणि तुम्ही त्याला बेइमानी शिकवता?"

"अहो, पण हा गेमच वेगळा…"

"बेइमानी सगळ्या गेममध्ये सेम!"

तेवढ्यात आतून मसूदाभाभी चहा घेऊन आल्या. "बस गो बाय, त्याचा काय मनाला लावून घेऊ नको," असं म्हणतात न म्हणतात तोच त्यांची नजर गेली गॅलरीत. तिथे दोरीवर सुके बोंबील, आणि बोंबलांखाली एक लठ्ठ मांजर मागच्या दोन पायांवर उभं! भाभींनी ट्रे ठेवला, टोपलीतला बटाटा उचलला आणि असा काही फेकला… अहो, काय सांगू तुम्हाला! पाय पुढे, कंबर वळली, कोपर वाकलं, मनगट सुटलं, आणि बटाटा मांजराच्या मिशीला वारा घालून कठड्यावर फुटला! मांजर पसार. मी उडालेच! "भाभी, पुन्हा टाका!" तर त्या म्हणतात, "आता मांजर खंय हाय?"

मी सादला म्हटलं, "बघितलंस? अस्सं!" साद आईकडे बघतोय आ वासून, आणि जमालुद्दीनभाई? भिंतीकडे तोंड करून पुटपुटतायत, "ती बोलर नाही. तिला चालतं."

मग पुढचे दोन महिने मी सादला आईचीच ॲक्शन शिकवली. मैदानात जमली हो! फक्त बाप आसपास असला, की कोपर पुन्हा लोखंडी.

आणि फायनलला बाप हजर! दुसऱ्या कॉलेजची टीम, शेवटचा डाव, आम्ही एकाच रनने पुढे, त्यांचा एकच बॅटर बाद व्हायचा बाकी, आणि आमच्या मेन पिचरचा खांदा गेला. उस्मानसर माझ्याकडे बघतात, मी सादकडे, साद जाळीमागे उभ्या जमालुद्दीनभाईंकडे. पहिला बॉल… हात सरळ… कॅचर उडी मारतोय, तरी बॉल वरून गेला! उस्मानसरांनी टोपी जमिनीवर आपटली.

मी धावत जाळीपाशी गेले. हात जोडले. "जमालुद्दीनभाई, तो तुम्हाला घाबरत नाही हो. तुमची मान खाली जाईल ह्याला घाबरतो."

ते पोराकडे बघत राहिले. मग हळूच वळले आणि मैदानाकडे पाठ करून उभे राहिले. म्हणाले, "मला दिसलं नाही, म्हणजे झालं नाही. टाकू दे त्याला."

सादने बघितलं ते. खरं सांगते, क्षणभर मला वाटलं, पोरगा आता रडतो. पण नाही! पाय पुढे, कंबर वळली… धप्प! सरळ कॅचरच्या ग्लोव्हजमध्ये. स्ट्राइक! अशा तीन झाल्या की बॅटर बाद.

पाठमोरे जमालुद्दीनभाई विचारतात, "हात वाकला काय?"

"वाकला."

"फार?"

"थोडाच."

धप्प! दुसरी स्ट्राइक. "आवाज बरा येतोय," म्हणाले. आणि तिसरी… तिसरीला बॅटरची बॅट हवेत, बॉल ग्लोव्हजमध्ये, आमची पोरं मैदानात नाचतायत आणि हा माणूस अजून पाठ करूनच उभा! मी म्हटलं, "भाई, वळा आता! जिंकलात!" वळले, तर डोळे लाल. मला म्हणतात, "धूळ फार आहे इथे."

आता माझ्या वाट्याला काय आलं, ते ऐका. बक्षीस समारंभात उस्मानसरांनी माइक पकडला. "इस लड़के पे मैंने बहुत मेहनत की!" म्हटलं, करा, सुधारला की तुमचाच! मग सादला बोलायला बोलावलं. मी पदर… पदर कुठला, टी-शर्ट सारखा करून उभी राहिले, आता माझं नाव येणार. तर तो म्हणतो, "आय लर्न्ड एव्हरीथिंग फ्रॉम माय मॉम!" टाळ्या! मसूदाभाभींना स्टेजवर बोलावलं, डीनने त्यांना फुलं दिली, उस्मानसरांनी वाकून सलाम केला. आणि मी? मी फोटो काढत होते.

कॉन्ट्रॅक्ट वाढलं, तेवढं मात्र खरं. त्याच आठवड्यात जमालुद्दीनभाईंचा फोन, आवाजात केवढा आदर! म्हटलं, चला, निदान ह्या घरात तरी आपली कदर आहे. "मॅडम, साद अकाउंट्सच्या पेपरात नापास झाला. डेव्हलपमेंट तुमच्याकडेच ना?"

म्हटलं, पाठवा रविवारी.