गेटवरचे अडकलेले मेल

बोईसरला शिफ्ट सुटल्यावर कंपनीबाहेर घरी जायच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघे होते. एक कंपनीचा कॉम्प्युटरवाला, दुसरा तिथल्याच गेटवरचा वॉचमन.

"महादूकाका, तुमच्या हजेरी मशीनचे मेल काल सुटले एकदाचे."

"अडकले होते काय?"

"दीड महिना. हेड ऑफिसने मेलचा पासवर्ड बदलला, गेटच्या लिनक्स सर्व्हरमध्ये कोणी टाकलाच नाही. एरवी न गेलेल्या मेलचा पाच दिवसांनी सर्व्हर नाद सोडतो. आपल्यावाल्याला, सोडू नकोस, असं कोणीतरी सांगून ठेवलेलं."

"मंग बरा झाला ना, निमेशभाऊ."

"सत्तेचाळीस मेल गेले. आत गेलेला माणूस बाहेर पडला नाही, की मशीन रोज एक मेल करतं."

"सत्तेचाळीस मानसा?"

"माणूस एकच. जिवल्या."

"मनोरकडचा? तो तं पलाला. ठेकेदार बोलला, सुरतेला गेला. ही लोका न सांगताच जातात."

"जाताना अंगठा लावलेला त्याने?"

"त्याची बायको, ठकी, रोज गेटवर येते. बोलते, माजा मानूस आतच हाय."

"तुम्ही काय सांगता?"

"आत कोनी नाय, घरी जा."

"त्या दिवशी काम कुठे होतं त्याला?"

"मागची टाकी धुवायला. दुसऱ्या दिवशी झाकन लावला तिचा."

"परत उघडली?"

"नाय."

"आज सकाळी अठ्ठेचाळीसावा मेल गेला, काका. बस आली, चला."

"तू जा. ठकी आली असंल गेटवर."