बाईंच्या नोंदीतली रिकामी जागा

…आणि वर मलाच विचारतात, ‘तुम्ही असं केलंतच कसं?’ अहो, केलं काय मी? मी नुसती जागा धरली होती! बसमध्ये आपण खिडकीतून रुमाल टाकतो ना, तशी. आता त्या रुमालावर भलतंच कुणी येऊन बसलं, तर तो दोष रुमालाचा का?

थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्हीही आमच्या मुख्य संपादकांसारखे ‘आधार काय?’ म्हणून बसाल. तर मी ज्ञानकोशात आहे. जगातली सगळी माहिती, अ पासून ज्ञ पर्यंत… चौतीस वर्षं झाली, अजून ‘न’वर आहोत. माझं काम नोंदी तपासायचं. दुसऱ्यानं लिहिलेली नोंद घ्यायची, फुगलेलं छाटायचं, राहिलेलं भरायचं. तर एक दिवस टेबलावर येऊन पडली एका जुन्या नटीची नोंद. लिहिणारे प्राध्यापक. आता प्राध्यापकानं नटीवर लिहिलं की काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको! ‘रंगभूमीचं अलौकिक लेणं’, ‘अभिनयाचा धगधगता अंगार’, ‘मधुर आवाजाची सम्राज्ञी’… दीड स्तंभ नुसता अंगार, आणि माहिती? कुटुंब, टिंब टिंब. निवृत्तीचं कारण, टिंब टिंब. मृत्यू, टिंब टिंब टिंब!

प्राध्यापकांना फोन केला. ‘सर, बाई गेल्या कधी?’ तर ते जांभई देत म्हणाले, ‘गेल्याच असतील हो, पंचवीस वर्षांत कुठं दिसल्यात?’ आणि आमच्या कोशाचा नियम असा, की हयात माणसाची नोंद घ्यायची नाही. हयात माणूस बदलत राहतो, भांडायला येतो. गेलेला गप्प असतो. मग नोंद आलीय म्हणजे बाई गेल्या असणार, हे मी धरूनच चाललो. तरी त्यांच्या जुन्या नाटक कंपनीला पत्र टाकलं, कधी वारल्या ते कळवा म्हणून. उत्तर येईना, आणि इकडे पानं लागायला घेतलेली. आता पान लावताना जागा रिकामी ठेवून चालत नाही. नंतर माहिती भरली की ओळ सरकते, आणि एक ओळ सरकली की पुढची चाळीस पानं सरकतात. म्हणून आमच्याकडे पद्धत आहे, तेवढ्याच लांबीचं तात्पुरतं काहीतरी भरायचं आणि खरं कळलं की बदलायचं. मी भरलं. निवृत्ती, ‘डाव्या गुडघ्याच्या जुन्या दुखापतीमुळे’. कुटुंब, ‘धाकटा भाऊ, घड्याळजी’. आणि मृत्यूला टाकली पुढच्या महिन्यातली तारीख. मुद्दाम! जी तारीख अजून उजाडलीच नाही, ती कुणाच्याही डोळ्यात खुपणार, शेवटच्या वाचनात कुणीतरी ओरडणार, ‘अहो, हे काय!’ तीन जणांनी वाचलं, तुम्हाला सांगतो. तिघांनी सह्या केल्या. कुणी हूं की चूं केलं नाही.

मग माझं काय चुकलं? मी नुसती जागा धरली होती!

पुढच्या महिन्यात, सोमवारी, जेवणाची सुट्टी नुकतीच संपलेली, आणि दारात एक बाई. सत्तरीच्या, पाठ ताठ, डाव्या पायानं लंगडत आल्या, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या आणि बोलल्या… आणि काय आवाज हो! हळू बोलल्या तरी पलीकडच्या खोलीतल्या टंकलेखिकेचे हात थांबले. ‘मी कधी वारले, असं विचारणारं पत्र तुम्हीच धाडलंत ना? ते फिरत फिरत माझ्याकडेच आलं. म्हटलं, स्वतःच जाऊन सांगावं.’

मी उठून उभाच राहिलो. ‘बाई, तुम्ही… आहात?’

‘आहे तर! फक्त गेल्या महिन्यापासून जरा विचित्र चाललंय. एका सकाळी उठले तर हा गुडघा धरलेला. डॉक्टर म्हणतो, ही दुखापत पंचवीस वर्षांची. मी म्हटलं, अहो, काल मी तीन जिने चढले! तर त्यानं कपाटातून माझी फाईल काढली. पंचवीस वर्षांची जाडजूड फाईल. पानापानावर माझी सही.’

‘आणि… भाऊ?’ असं माझ्या तोंडून निसटलं.

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘तुम्हाला कसं कळलं? मी एकुलती एक हो. पण त्याच आठवड्यात दारात एक म्हातारा उभा. भिंग लावून लावून एक डोळा बारीक झालेला. मला म्हणतो, “ताई, किल्ली विसरलो.” मी हाकलणारच होते, तर त्यानं आमच्या आईची अंगाई म्हणून दाखवली. शब्दन् शब्द. आणि भिंतीवर माझा लहानपणचा फोटो आहे, स्टुलावर एकटी बसलेली… आता स्टुलाशेजारी तो उभा आहे. फोटो तोच. काचेवरची धूळसुद्धा तीच.’ मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘गुणी आहे बिचारा. घरातली सगळी घड्याळं आता बरोबर चालतात. पण मला त्याची भीती वाटते हो.’

माझ्यासमोर बाईंच्याच नोंदीचं पान, हातात पेन्सिल, आणि काय सांगू, चौतीस वर्षांची सवय! भीतीनं हात आपोआप कामाला लागला आणि ‘मधुर आवाजाची’ मधला ‘मधुर’ मी उडवला. विशेषण ते, त्याला आधार काय? तर बाईंचं वाक्य मध्येच तुटलं! तोंड हलतंय आणि आतून पत्रा घासल्यासारखं काहीतरी येतंय. बाईंनी दोन्ही हातांनी गळा धरला. मी घाईघाईनं ‘मधुर’खाली टिंबं दिली, आमच्यात टिंबं म्हणजे ‘असू द्या’, आणि आवाज परत आला. पलीकडचा टाइपरायटर अजून थांबलेलाच होता.

मग बाईंनी पान ओढून घेतलं. मला वाटलं, आता किंकाळी. तर म्हणाल्या, ‘दीडच स्तंभ? आणि तिला किती?’

‘कुणाला?’

‘तिला हो! माझ्या सगळ्या भूमिका जिनं पळवल्या, तिला!’ मागचं पान उलटून बघितलं. ‘अडीच! फोटोसकट!’ आणि मग त्यांचं बोट फिरत फिरत तारखेवर आलं आणि थांबलं. ‘हा… येता गुरुवार ना?’

‘बाई, मी नुसती जागा धरली होती हो…’

‘अहो, मी रंगमंचावर चारशे वेळा मेलेय. विष पिऊन, बाण लागून, एकदा तर नुसती बातमी ऐकून! पण पडदा पडला की उठायचे आणि चहा मागायचे. या गुरुवारातून उठता येणार नाही ना?’ आणि रडल्या हो. नाटकातलं रडणं नाही, नाक लाल होतं ते.

धावत मुख्य संपादकांकडे गेलो. ‘सर, बाईंची तारीख चुकलीय!’ त्यांनी मान वर केली नाही. ‘आधार काय?’ ‘बाई स्वतः बाहेर बसल्यात.’ ‘स्वतःबद्दल स्वतः दिलेली माहिती आपण धरत नाही. नियम बारा.’ ‘सर, त्या जिवंत आहेत!’ ‘मग नोंद काढा. हयात घेत नाही.’ काढा! अहो, एक विशेषण काढलं तर गळा गेला, सगळी नोंद काढली असती तर त्या खुर्चीत उरलं काय असतं? मी ओरडलो, ‘नको, नको! मेल्यात, सर, मेल्यात! फक्त जरा नंतर मेल्यात!’ ‘किती नंतर?’ आता पानं छापखान्यात निघालेली, बदलता येणार होता एकच आकडा, वर्षातला दशकाचा. मी दारातून बाईंना खुणेनं विचारलं, त्यांनी चार बोटं दाखवली. ‘चाळीस वर्षं, सर.’ ‘आधार?’

आता काय सांगणार? मग आठवला नियम चौदा. मृत्यूसमयी जो हजर होता, त्याची सही चालते. चिठ्ठी घेतली, लिहिलं, ‘त्या वेळी मी स्वतः उपस्थित होतो’, आणि ठोकली सही. सरांनी वर्ष वाचलंच नाही. चिठ्ठीला टाचणी आहे ना, एवढं बघितलं. ‘आधार दोन लागतात,’ म्हणाले, ‘दुसरा शुद्धिपत्रात द्या.’

गुरुवारी सकाळपासून बाईंच्या घरी बसून होतो. भाऊ चहा करत होता, भिंतीवर सहा घड्याळं एका ठोक्यात चाललेली, बाई पापणी न हलवता दाराकडे बघतायत. काही झालं नाही. शुक्रवारी सकाळी बाईंचाच फोन, ‘अहो, मी आहे!’ मी देव्हाऱ्यापुढे हात जोडले.

आणि शनिवारी रस्ता ओलांडताना बस अंगावर आली. माझ्यापासून वीतभर अंतरावर उभी राहिली. चालक खाली उतरून म्हणतो, ‘मी ब्रेक दाबलाच नव्हता.’ सोमवारी कचेरीच्या जिन्यावरून गडगडलो, पूर्ण एक मजला. उठलो, धूळ झटकली. डॉक्टर म्हणाले, ‘तुमचं हृदय जन्मापासून अधू, हे असं कसं ठणठणीत झालं?’ तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मागच्या आधारांच्या यादीत माझी सही छापून आलीय ना! चाळीस वर्षांनी मी तिथं उपस्थित आहे. सत्त्याण्णव वर्षांचा. दिसत असेल का, ऐकू येत असेल का, कुणाला ओळखत तरी असेन का, काही लिहिलेलं नाही. लिहिलंय फक्त, उपस्थित.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, ‘आणि मी?’

अहो, चौतीस वर्षं जगाच्या जागा धरतोय, आणि हिचीच धरायची राहिली! हिच्याशिवायच्या त्या घरात मी किती वर्षं बसून राहणार? मग एकदम आठवलं, दुसरा आधार! अजून द्यायचाय! दुसऱ्याच दिवशी कोरी चिठ्ठी घरी आणली. हिच्यापुढे ठेवली, म्हटलं, ‘इथं सही कर. “त्या वेळी मीही उपस्थित होते.” बस, मग दोघंही आहोत.’

तिनं पेनचं झाकण काढलं. चिठ्ठी वाचली. मग मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट बघितलं.

‘चाळीस वर्षं?’

‘चाळीस.’

‘तुमच्याबरोबर?’

झाकण परत लावलं. ‘जरा विचार करून सांगते,’ म्हणाली.

तुम्हाला सांगतो, आठ महिने झाले… अजून विचारच चाललाय.