सर, तुम्ही समोर व्हा

नाही, मला सांगा, डोंगरातल्या पायवाटेवर सगळ्यात समोर कोणी चालावं? ज्याला वाट माहीत आहे त्याने. किंवा ज्याचे डोळे चांगले आहेत त्याने. निदान ज्याला समोर चालायची हौस आहे त्याने तरी. यातलं माझ्यात काहीच नाही. वाट माहीत नाही, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं करावं की नाही यावर माझा अजून विचार सुरू आहे, आणि हौस म्हणाल तर मी आमच्या कॉलनीतल्या रस्त्यावरसुद्धा कुंपणाच्या कडेकडेने चालतो. पण जंगलाच्या तोंडाशी गाडीतून उतरल्या उतरल्या रुपरावांनी सगळ्यांच्या देखत हात जोडले आणि म्हणाले, "सर, तुम्ही समोर व्हा."

संपलं.

तुम्हाला सांगतो, हे त्या दिवसापुरतं नाही. आपल्या नागपुरात माणूस जरा शिकला आणि जरा म्हातारा झाला की त्याला समोर ढकलतात. लग्नात पहिलं पान माझं, म्हणजे भात येतो तेव्हा वरण आलेलं नसतं आणि वरण येतं तेव्हा माझा भात संपलेला असतो. कोणाला दवाखान्यात बघायला गेलो की सगळे दाराशी थांबतात, सर, तुम्ही समोर व्हा, म्हणजे त्या पेशंटशी काय बोलायचं ते मी एकट्याने ठरवायचं. अंत्ययात्रेतही मला समोर करतात. माझ्या वयात ते बरं वाटत नाही, पण कोणाला सांगणार?

आणि शिकला म्हणजे काय शिकला हो? मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. माझी पीएच.डी. कशावर आहे? न्यायदर्शनातल्या संशयावर. संधिप्रकाशात लांब काहीतरी उभं दिसतं, तो खांब आहे की माणूस आहे, हे कसं ठरवावं, यावर मी जाडजूड प्रबंध लिहिला आणि शेवटी, या विषयावर अधिक विचार व्हायला हवा, असं म्हणून संपवला. अशा माणसाला तुम्ही जंगलात वाट काढायला समोर करता? आणि मी खरं ते सांगतो ना! मी स्पष्ट म्हणतो, मला माहीत नाही. की लगेच सगळे एकमेकांकडे बघून माना डोलावतात. पाहा, एवढे शिकलेले, पण विनय पाहा! आता विनय नाही, खरंच माहीत नाही, असं म्हटलं की विनय आणखी वाढतो. यावर काही उपाय आहे का? असेल तर मला माहीत नाही. बघा, तुम्हीसुद्धा मान डोलावलीत.

तर आमचं सकाळी बागेत फिरायला येणाऱ्यांचं मंडळ आहे. सगळे निवृत्त, सगळे कानटोपीवाले. रुपराव त्यातले पुढारी. शेतकी खात्यात होते, काटोलकडचे, आवाज असा की एका बांधावरून बोलले तर चौथ्या बांधावरचा बैल थांबावा. त्यांना या हिवाळ्यात एकदम सुचलं. म्हणाले, घाण्याच्या बैलावानी गोल गोल फिरून राहिलो आपण, एकदा चिखलदऱ्याच्या डोंगरात पायी फिरू, बायकांनाही नेऊ. मी म्हटलं, मला यायचं की नाही ते जरा विचार करून सांगतो. त्यांनी ते ऐकलं आणि सगळ्यांना सांगितलं की सर येऊन राहिले.

मी घाबरलो की वाचतो. डोंगरात जायचं म्हटल्यावर मी त्या डोंगराबद्दल मिळेल ते वाचून काढलं. हा सगळा डोंगर ज्वालामुखीचा आहे. म्हणजे शेंड्यातून धूर निघतो तसला नव्हे. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, आतला तप्त रस बाहेर आला, पसरला, थिजला, पुन्हा आला, त्याच्यावर पसरला, पुन्हा थिजला. थरावर थर. त्यावर माती, मातीवर साग, मोह, बांबू. हे वाचून माझी भीती कमी झाली का? नाही. आधी फक्त अस्वलांची भीती होती, आता जमिनीचीही वाटायला लागली.

आमच्या घरून, म्हणजे माझ्या बायकोने, शोभाने, निघताना एकच गोष्ट बजावली होती. वाटेत चहा पिऊ नका. का, ते सांगायला नको. माझ्या वयाच्या पुरुषांना एक ग्रंथी असते, तिच्याबद्दल मी चारचौघांत बोलत नाही. पण परतवाड्याला गाडी थांबली, थंडी मरणाची, आणि चहाचा पहिला कप कोणाला? सरांना. मी घेतल्याशिवाय बाकीचे घेईनात. घेतला. मग कोणीतरी म्हणालं साखर कमी आहे, दुसरा चहा टाका. दुसऱ्या चहाचा पहिला कप कोणाला?

तर असा मी, पोटात तो चहा घेऊन, त्या पायवाटेवर सगळ्यांच्या समोर. माझ्यामागे रुपराव, त्यांच्यामागे सुशीलराव, ते बँकेत होते आणि आता फोटो काढतात, मग महादेवराव गुडघ्याला पट्टा बांधून, मग बाकीचे पुरुष, आणि सगळ्यात मागे यमुताई आणि शोभा आणि बाकीच्या बायका गप्पा मारत. यमुताई म्हणजे मुलींच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर मी अजून जांभईसुद्धा दिलेली नाही. वाट म्हणाल तर एका माणसापुरती. एका अंगाला काळा दगडाचा कडा, दुसऱ्या अंगाला उतार, आणि दगडांवर वनखात्याने मारलेले पिवळे पट्टे. पट्ट्यामागून पट्टा, चढ संपला की उतार, उतार संपला की चढ, आणि पहिला चढ संपायच्या आत मला... आलं तुमच्या लक्षात.

आता यात अवघड काय आहे? काही नाही. माणसाने मागे राहावं, सगळे पुढे गेले की झाडामागे जावं, पुन्हा येऊन मिळावं. मला फक्त शेवटचं व्हायचं होतं. आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं मी त्या वेळी. म्हणून मी थांबलो. तर रांग थांबली. मी कड्याला चिकटून उभा राहिलो, म्हटलं, या, तुम्ही जा पुढे. तर रुपरावही कड्याला चिकटले, सुशीलराव चिकटले, पार शेवटपर्यंत सगळे कड्याला चिकटून उभे. मागून यमुताईंचा आवाज आला, का थांबलो, काही दिसलं का? रुपराव म्हणाले, "सर दगड पाहून राहिले."

झालं, सगळे दगड बघायला लागले. महादेवरावांनी विचारलं, काहून जी सर, हा काळा काहून आहे? मी बोललो. काय करणार? एका पायावरून दुसऱ्या पायावर होत मी तो तप्त रस, त्या भेगा, तो आतला दाब, सगळं सांगितलं. तुम्हाला खरं सांगतो, पृथ्वीबद्दल मला इतकी आपुलकी कधी वाटली नव्हती. किती काळ धरून ठेवलं असेल तिने. शेवटी तिलाही नाही जमलं.

मग मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. म्हटलं, आता तरी जातील. तर मागे सगळे आपापल्या नाड्या तपासायला लागले. ज्यांच्या चपला होत्या त्यांनी चपला झटकल्या. मग मी एका खडकावर बसलो. तर चिवड्याचे डबे उघडले. पहिली मूठ मला. आणि वर रुपराव म्हणतात कसे, पाणी प्या सर, चढावर पाणी पीत राहावं...

शेवटी मी ठरवलं, सांगायचं. यात लाज कसली? नैसर्गिक गोष्ट आहे. मी रुपरावांना जवळ बोलावलं आणि त्यांच्या कानात म्हटलं, मला जरा त्या बाजूला जायचंय. आता "जरा त्या बाजूला" याचा अर्थ सांगावा लागतो का हो? आपल्या घरात, आपल्या गावात, कोणत्याही वयाच्या माणसाला तो कळतो. पण समोर सर असले की लोक अर्थ लावत नाहीत, आदर लावतात. रुपराव वळले आणि त्या चौथ्या बांधावर पोचणाऱ्या आवाजात म्हणाले, "चला! सरांले तिकडे जायचं आहे!"

आणि सगळी रांग पिवळे पट्टे सोडून माझ्यामागे उतारावर.

मी भराभर चाललो. म्हटलं अंतर पडेल, एखादं बांबूचं बेट मधे येईल. तर मागून कौतुक, सर काय चालतात या वयात! आणि तेही भराभर. मी डावीकडे वळलो, ते डावीकडे. मी बेटाला वळसा घातला, त्यांनी वळसा घातला. मी जवळजवळ पळत होतो. मागे महादेवराव गुडघ्याचा पट्टा धरून पळत होते. सगळं मंडळ पाचोळा तुडवत पळत होतं, आणि का पळतोय हे एकालाही विचारावंसं वाटत नव्हतं. मला मात्र एकच दिसत होतं, की परत जायची वाट आता कोणालाच माहीत नाही, आणि हे सगळे संध्याकाळी मलाच विचारणार आहेत.

आणि एकदम झाडं संपली. समोर काळ्या दगडाचा सपाट ओटा, त्याच्यापुढे काही नाही. नुसती दरी. खाली जंगल, पलीकडे डोंगर, पायऱ्या पायऱ्यांचा, प्रत्येक थर वेगळा दिसतोय, आणि सगळ्यावर हिवाळ्यातलं ऊन. सगळे गप्प. मीही गप्प, पण माझं कारण वेगळं होतं. मग यमुताई हळूच म्हणाल्या, सर, तुम्हाला हे माहीत होतं. मी म्हटलं, नाही हो, देवाशपथ नाही. त्या शोभाला म्हणाल्या, बघा.

सुशीलरावांनी सगळ्यांना फोटोला उभं केलं. सर, तुम्ही समोर व्हा. मी समोर झालो. तो फोटो आता मंडळाच्या ग्रुपवर आहे. त्यात मी दूर क्षितिजाकडे बघतोय आणि माझ्या डोळ्यांत पाणी आहे. खाली भूमिका नावाच्या कोणाच्या तरी नातीने लिहिलंय, आजोबा किती भावुक झाले.

तर फोटो निघतोय तेवढ्यात शोभाने माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. चष्मा वर केला आणि पाहिलं. मग ती रांगेतून बाहेर आली आणि शाळेतल्या हजेरीसारख्या स्वरात म्हणाली, "यांना लघवीला जायचंय. केव्हापासून जायचंय. जरा बाजूला व्हा सगळे."

यमुताई एकदम डोंगराकडे बघायला लागल्या. बायका शोभाच्या मागोमाग बेटाच्या पलीकडे गेल्या. म्हटलं, सुटलो. अब्रू गेली, पण सुटलो. पण पुरुष जागचे हलेनात. सगळे खाली बघत उभे. मी म्हटलं, रुपराव, तुम्हीही जा ना आता. तर रुपराव, तो चौथ्या बांधाचा आवाज, माझ्या जवळ येऊन कुजबुजले:

"सर, आम्हालेही जायचंच आहे. परतवाड्यापासून. पण तुमच्या आधी कसं जायचं जी?"

म्हणजे मला सांगा! सगळे! महादेवराव त्या गुडघ्याने पळाले ते काय माझ्या कौतुकाने? प्रत्येक जण माझ्याकडे बघत होता, की सर केव्हा थांबतात. आणि मी थांबलो की हे दगड बघत होते!

मग काय विचारता, ओट्याच्या कडेला एक मोठं मोहाचं झाड होतं, तिकडे सगळे निघाले, आणि झाडाशी येऊन थांबले. रांगेत. वयानुसार. कोणी घड्याळाकडे बघतंय, कोणी आभाळाकडे, आणि रुपराव हात जोडून म्हणतात, सर, तुम्ही समोर व्हा.

झालो समोर. उभा राहिलो. मागे सगळं मंडळ, श्वास धरून, माझी वाट बघत. मला घाई होऊ नये म्हणून कोणी खोकतसुद्धा नव्हतं. आणि मी उभा... आणि मी उभा... आणि नाही. काही नाही. एक थेंब नाही. इतकी माणसं इतक्या आदराने मागे उभी असली तर कोणाला होईल हो?

बराच वेळ गेला. मागून महादेवरावांचा बारीकसा उसासा ऐकू आला. शेवटी मी वळलो, चेहरा शक्य तितका समाधानी केला, आणि म्हटलं, झालं माझं. या तुम्ही.

एवढंच बोललो मी त्या दिवशी संशय न ठेवता, आणि तेच तेवढं खोटं होतं.