मान तुकवली की मान टाकली

— नाही, नाही, कागद चुकीचा नाही बाई. डॉक्टरनं लिहिलंय ते बरोबर आहे. आणि आमच्या थोरल्या फादरांनी तुमच्या आईला पाठवलेलं ते पत्र, तेही खोटं नाही. दोन्हीकडं एकच शब्द आहे, तिथंच सगळा घोळ आहे. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय निखळलाय, बाकावर बसा. मठाचं चीज विकत घ्यायला येणारी माणसं पलीकडच्या दारानं जातात, इकडं कुणी फिरकत नाही. मी आपला मठाच्या फाटकाशी बसणारा म्हातारा. शाळा म्हणाल तर चार यत्ता — चौथीतनं बापानं काढलं आणि खेचरांमागं लावलं. पण हा एक शब्द मला कुणी शिकवायला नको. प्रॉस्ट्रेशन. बघा, कसा खणखणीत म्हणतो. बेचाळीस वर्षं चघळलाय.

त्याचे अर्थ दोन. एक म्हणजे लोटांगण — देवापुढं, थोरल्यापुढं, आपण होऊन पालथं पडायचं. दुसरा म्हणजे अंगातलं त्राण जाऊन कोसळणं — त्यात आपण होऊन काही नाही, भुई आपली आपल्याला ओढून घेते. उन्हानं कोसळलात तर उन्हाचं प्रॉस्ट्रेशन, काळजीनं कोसळलात तर नसांचं. माझ्या लहानपणी आमच्या गावातल्या बँकवाल्याची बायको वर्षातनं दोनदा त्या नसांच्या प्रॉस्ट्रेशननं अंथरूण धरायची. माझी आई म्हणायची, तिला माझ्यासारखी अकरा पोरं असती तर सवडच झाली नसती! ... हसा, हसा. इथं हसायला बंदी होती एके काळी, आता नाही. आता काय, आता सगळंच चालतं. बोलायला चालतं, रेडिओ चालतो, परवा एक तरुण फादर अर्ध्या चड्डीत पळत होते, तब्येतीसाठी म्हणे. गवत कापा की, तब्येत होईल.

पत्र दाखवा परत. हं. "तुमचे बंधू ब्रदर कॉनराड प्रॉस्ट्रेशनमध्ये असताना देवाघरी गेले." एवढंच. आणि तुमच्या आईनं हे चौकट करून भिंतीला लावलं — बेचाळीस वर्षं — की माझा वॉल्टर — कॉनराडचं घरचं नाव ते — लोटांगण घालता घालता गेला, संतासारखा गेला. आणि आता म्हातारपणी तिचं घर आवरताना डब्यात हा डॉक्टरचा कागद निघाला — "उन्हाचं प्रॉस्ट्रेशन." आता ती जेवत नाही म्हणता. एकच विचारते — त्यानं मान तुकवली, की मान टाकली? हो ना? पंचाहत्तर वर्षांची बाई. त्यासाठी तुम्ही ओहायोहून केंटकीपर्यंत गाडी हाकत आलात. बरं केलंत. म्हणजे बरं नाही केलंत. फोन करायचा होता, फोनवर मी काहीतरी सांगितलं असतं आणि ठेवून दिला असता.

ऐका. तेव्हाचे नियम तुम्हाला कळायचे नाहीत, पण ऐका. मठात बोलणं नव्हतंच. हातांच्या खुणा. भाकर, पाणी, खेचर, फावडं — सगळ्याला खूण. तोंड उघडायचं ते प्रार्थनेला, नाहीतर सकाळच्या चुकांच्या सभेत. म्हणजे काय, तर सगळ्यांनी गोल बसायचं आणि ज्यानं ज्याची चूक पाहिली असेल त्यानं उभं राहून ती सांगायची. "मी ब्रदर अमक्यावर आरोप करतो, त्यानं दार आपटलं." ज्याच्यावर आरोप त्यानं लगेच पालथं पडायचं. मी नाही हो, असं झालंच नाही हो — काही म्हणायचं नाही. तोंडातनं ब्र नाही. मग थोरले फादर शिक्षा सांगणार आणि लाकडी हातोडीनं टेबलावर एक ठोका देणार. ठोका झाला की उठायचं. ठोक्याआधी उठायचं नाही, आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. लक्षात ठेवा हे — कुणी हात लावायचा नाही.

आणि मोठी शिक्षा म्हणजे दुपारी जेवणघराच्या उंबऱ्यात आडवं पडायचं. सगळे ब्रदर, सगळे फादर, ओळीनं येणार आणि त्याला ओलांडून आत जाणार. पन्नास जोडी बूट. शेण लागलेले. असं तोंड करू नका, आम्हाला त्यात काही वाटत नव्हतं. मी स्वतः सात वेळा पडलोय. एकदा तर झोप लागली होती.

तर त्या जुलैत — बावन्न साल — गवताचं काम चालू होतं. अंगात लोकरीचे झगे, उन्हाळ्याला तेच आणि हिवाळ्याला तेच. तुमचा मामा शहरातला, हात मऊ, गठ्ठा उचलायचा तर आधी त्याला मिठी मारायचा. पण राबायचा, खोटं कशाला बोलू. आणि खेचरांना तो फार आवडायचा. माझी एक मादी होती, बेसी म्हणून, कुणाला जवळ येऊ देत नसे, माझ्याखेरीज. ती त्याच्या खांद्यावर मान टाकून उभी राहायची. माझ्या नाही हो — त्याच्या! मी तिला सहा वर्षं खाऊ घातलं होतं. ... असू दे. ते कशाला सांगतोय मी.

पाण्याचा नियम असा, की मुकादम ब्रदरनं खूण केली की सगळ्यांनी मिळून प्यायचं. अध्येमध्ये नाही. आणि आदल्या दिवशी कॉनराड खूण नसताना पिंपापाशी गेला आणि त्यानं ओगराळं भरून घेतलं. ते एका ब्रदरनं पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सभेत त्या ब्रदरनं उभं राहून सांगितलं, हा अवेळी पाणी प्यायला. झालं. कॉनराड पालथा. शिक्षा — दुपारी उंबऱ्यात पडायचं. ठोका. उठला, आणि शेतावर गेला. तो दिवस मी आयुष्यात विसरणार नाही, असली गरमी! चिमण्या चोची वासून सावलीला बसलेल्या. मुकादमानं तीनदा पाण्याची खूण केली, तीनदा सगळे प्यायले, आणि हा गठ्ठ्यांपाशीच उभा. आला नाही. मी खूण केली — ये — तर त्यानं छातीवर हात ठेवला आणि मान हलवली. जाऊ दे, म्हणून. रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं, मी झोपलो तरी असतो नंतर. एवढ्या पाण्यावरनं मी काही — माझं म्हणणं काय होतं, नियम तो नियम, एवढंच म्हटलं मी सभेत, जास्त एक शब्द —

... हो. मीच तो ब्रदर. मघाशी दुसराच कुणी असल्यासारखं बोललो. आता कळलंच तुम्हाला, तर कळलं.

बसा हो, उठू नका. अजून झालेलं नाही.

तो पाणी प्यायला नव्हता. ओगराळं नेलं आणि बेसीच्या टाळूवर ओतलं. तिला ऊन लागत होतं, माझ्या लक्षात आलं नव्हतं, त्याच्या आलं. मी पाहिलं ओतताना. तरी सभेत म्हटलं — प्यायला. मेंदूत त्या वेळी काय शिरलं होतं कुणास ठाऊक. नाही, ठाऊक आहे. खांद्यावरची ती मान शिरली होती.

बरं. दुपारची घंटा झाली. आम्ही हात धुऊन ओळीनं आलो. कॉनराड आधीच उंबऱ्यात पालथा होता. कुणाला वाटलं नाही काही — वाटणार कसं? जिथं पडायचं होतं तिथंच पडलेला, जेव्हा पडायचं होतं तेव्हाच. पुढचे ओलांडत गेले. फादर जेरोम, फादर बोनाव्हेंचर, मोठी मोठी शिकलेली माणसं, लॅटिनमध्ये स्वप्नं बघणारी. त्यांचा काही दोष नाही, माझ्याकडं बघून मान हलवू नका, त्यांचा खरंच दोष नाही. त्यांनी कधी खेचर हाकलं नव्हतं.

मी ओळीत एकतिसावा. जवळ आलो आणि बघतो तर डोक्यावर टोपडं नाही. झग्याचं टोपडं हो, ते पुढं ओढून पडायचं असा नियम. त्याचं मागं गळलेलं, मान उघडी. आणि माझ्या मनात काय आलं सांगू? माझ्या मनात आलं, उद्याच्या सभेत हेही सांगता येईल.

मग पाय उचलला ओलांडायला, आणि खाली बघितलं. मान कोरडी होती. सकाळपासनं गवतात राबलेला माणूस, जुलै महिना, लोकरीचा झगा — आणि घामाचा एक थेंब नाही. लाल, कोरडी, चुलीतल्या विटेसारखी. बाई, मी नवव्या वर्षापासनं जनावरांमागं आहे. खेचराला घाम यायचा थांबला की ते लोटांगण घालत नसतं. बाप सांगायचा, घाम थांबला की सगळं सोड, आधी पाणी. दुसऱ्या कुणाला नाही, पन्नासांत मला एकट्याला कळलं. एक पाय वर होता. पुढं टाकायचा की मागं घ्यायचा, एवढंच काम होतं. तोंड उघडायला बंदी होती म्हणाल — नव्हती. आगीला आणि मरणाला बोलायची मोकळीक होती. नुसता हात वर केला असता तरी ओळ थांबली असती.

मी पाय पुढं टाकला.

का? असं बघताय माझ्याकडं. मला कळलं असतं तर मी सांगितलं नसतं? त्याला धडा मिळू दे, असं मनात होतं म्हणावं, तर तसंही स्पष्ट काही नव्हतं. ओळ चालू होती. मागच्याचा श्वास माझ्या पाठीला लागत होता. पुढं एक जागा रिकामी होत होती आणि ती माझी होती. एवढंच. आत जाऊन बसलो. सलगम होते उकडलेले, आणि पाव. आम्ही जेवताना एक ब्रदर कुणा संताची गोष्ट वाचायचा, तो वाचत होता. मी सलगम दोनदा घेतले. दोनदा!

जेवण झाल्यावर थोरल्या फादरांनी ठोका दिला. कॉनराड उठला नाही. परत दिला. तिसऱ्यांदा इतक्या जोरात दिला की पेला पडला. मग दवाखाना बघणारे ब्रदर गेले आणि त्यांनी त्याला उताणा केला. जीव होता, तीन वाजेपर्यंत होता. गावातनं डॉक्टर आला, धापा टाकत. त्यानं विचारलं, हा कधीपासनं असा? थोरले फादर म्हणाले — मी दारात बर्फाची बादली घेऊन उभा होतो, माझ्या कानांनी ऐकलं — म्हणाले, "तो अर्धा तास प्रॉस्ट्रेशनमध्ये होता, डॉक्टर." आणि डॉक्टर म्हणाला, "हो, ते दिसतंच आहे. मग मला बोलावलं का नाही?" आणि थोरल्या फादरांना प्रश्नच कळला नाही. लोटांगणाला डॉक्टर कशाला बोलवायचा? एकानं तो शब्द कागदावर लिहिला, दुसऱ्यानं तुमच्या आईच्या पत्रात. दोघंही खरं बोलले. मधे मी उभा. मला दोन्ही अर्थ ठाऊक होते, आणि बर्फ वितळून माझ्या बुटावर गळत होता.

नंतर? नंतर काही नाही. थोरले फादर गेले, त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की तो नियम पाळत गेला. सभेत मी रोज उभा राहायचा विचार करायचो — आज सांगू, उद्या सांगू. दार आपटल्याची चूक सांगितली. कंदील फोडल्याची सांगितली. मग रोमहून हुकूम आला आणि ती सभाच बंद झाली. कबुलीला फादरापुढं जातो मी, जातो की, दर शनिवारी. तिथं सांगतो, मला राग येतो, मी कुरकुर करतो. फादर तरुण आहेत, म्हणतात, ब्रदर, या वयात चालायचंच. जेवणघर नवीन बांधलं, दार पार दुसऱ्या बाजूला गेलं, उंबरा राहिला नाही. तरी मी तिथं पोचलो की माझा पाय उंच जातो. गुडघ्यात कळ येते, तरी जातो. पोरं चेष्टा करतात — "काय ब्रदर, कुत्रं झोपलंय का वाटेत?" मी म्हणतो, हो, झोपलंय, तुझ्या बापाचं काय जातं!

तेव्हा तुमच्या आईला काय सांगायचं... सकाळी तुमची गाडी आत वळली तेव्हा मी ठरवलं होतं, सांगायचं, लोटांगणच होतं, जा, पत्र परत भिंतीला लावा. म्हातारी जेवेल. सोपं आहे. तुम्हालाही तेच हवंय, दिसतंय मला. पण ती जेवेल ते माझं खोटं जेवेल. मी एकदा त्याच्याबद्दल खोटं बोललोय. परत नाही.

मान टाकली त्यानं. पडला तो. देवापुढं नाही, कुणापुढं नाही, तहानेनं पडला, आणि पाणी दहा पावलांवर होतं. असंच सांगा. आणि ते ओगराळं त्यानं स्वतः प्यायलं नव्हतं, तेही सांगा. त्या वॉल्टरची चौकट करा म्हणावं, हवी तर.

नको, हात नका लावू मला. माफबिफ करायला तुम्ही कोण? तुम्ही तेव्हा जन्मलाही नव्हतात. पेन आहे ना? मग लिहून घ्या. ब्रदर अँसेल्म लिहू नका, ते मठातलं नाव, तिला वाटेल कुणी साधू होता. घरचं लिहा. व्हर्लिन गुडलेट. व्हर्लिन. गुडलेटला शेवटी दोन टी. ती विचारील कुणी केलं, तर हे नाव दाखवा. नाही विचारलं तरी दाखवा.

लिहिलंत? वाचून दाखवा.

... हं. बरोबर आहे. निघा आता.